हौदाचं पाणी

क्वेर्नावाका, ८ मार्च १९९२

आदरणीय ओब्दुलियाताईंना एवारिस्तोचा नमस्कार, वि. वि.

पत्र आणि कॉफीची पुडी मिळाली. उत्तराला उशीर झाला. आम्पारोला जाऊन चार महिने झाले. तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल तुम्हालाच काय लिहावं हे सुचत नाही, म्हणून कामाचं लिहितो.

मागच्या अंगणातला तिचा पोहायचा हौद हिरवा झाला आहे. ती गेल्यापासून मी पंप लावलेला नाही. आधी नुसत्या कडा निसरड्या झाल्या, आता सगळं पाणीच शेवाळलं आहे. सकाळी नीलमोहराची फुलं पडतात ती बुडत नाहीत, हिरव्यावर जांभळी तरंगत राहतात. बेडूकही आले आहेत. मी खुर्ची टाकून बसतो. तळ दिसत नाही आणि ते मला बरं वाटतं. तळ दिसत नाही तोवर आत कोणी नाही असं ठामपणे म्हणता येत नाही.

आपली निएवेस राजधानीहून येऊन गेली. डासांबद्दल शेजाऱ्यांनी तिच्याकडे तक्रार केली होती. ती म्हणाली, की बाबा, तुम्हाला पोहता येत नाही, आई राहिली नाही, मग या डबक्याचं काय लोणचं घालायचं आहे? ईस्टरनंतरच्या मंगळवारी ती गवंडी आणणार, माती भरून वर लिंबं लावणार. मी विचारलं, की त्याआधी स्वच्छ करून दाखवलं तर? दाखवाच, म्हणाली. पाणी उपसून नव्याने भरा असं सगळे सुचवतात. ते मला करायचं नाही. ती ज्यात पोहली तेच पाणी ठेवायचं आहे.

माझ्यावर लोभ आहे हे ठाऊक आहे. तो कमी होऊ देऊ नये.

आपला,
एवारिस्तो


हलापा, १७ मार्च

प्रिय एवारिस्तोभाऊजींना ओब्दुलियाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही जन्मभर पाटबंधारे खात्यात मोजणी केलीत आणि हौदातलं ऊन मोजायला विसरलात! दर शनिवारी नळी लावून भर घालायला तुम्हीच जात होतात ना? आम्पारोचं पाणी केव्हाच वर गेलं, भाऊजी. आमच्याकडे दिवसभर जी पावसाची बारीक बुरबुर लागते ना, ती त्याच पाण्याची असणार. काल मी मुद्दाम छत्री न घेता चर्चमध्ये मिसेला जाऊन आले, आणि आता शिंकते आहे.

तरी स्वच्छ करा. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ शाळेचा पोहण्याचा तलाव बघतात. ते म्हणाले, की मोरचूद टाकणारे आळशी. आधी भिंती घासा, मग क्लोरीन, आणि दिवसरात्र पंप चालू. हिरवं मरून पांढरट झालं की पंप बंद करून तुरटी फिरवा. एक रात्र पाण्याला बोटसुद्धा लावायचं नाही. सगळा गाळ तळाशी बसेल. मग नळीने तो हळूच ओढून बाहेर सोडायचा, पाळण्यातल्या बाळाला जाग येऊ नये इतक्या हळू.

आणि जेवता ना? कॉफीवर माणूस जगत नाही, आमच्याकडची असली तरी.

इकडची आठवण आली की लिहीत जा, नाही आली तरी लिहा.

तुमची,
ओब्दुलिया


क्वेर्नावाका, ५ एप्रिल

आदरणीय ताईंना नमस्कार, वि. वि.

बेडूक बादलीतून ओढ्यावर सोडले. भिंती चार दिवस घासल्या. क्लोरीन टाकल्यावर बरंचसं हिरवं गेलं आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. तळ अजून दिसत नाही. शेवटची हिरवी छटा जायला आठवडाभर लागेल.

वेळापत्रक केलं आहे. गुरुवारी, १६ तारखेला तुरटी. शुक्रवारी सकाळी क्रिसोफोरो येऊन गाळ ओढेल. गल्लीतले सगळे हौद तोच बघतो. माझ्याकडची नळीची लांब दांडी मोडली आहे, पण तो पाण्यात उतरून नळी हातानेच फिरवतो. शनिवारी दुपारी निएवेस येईल.

वाट बघायला कोणी आहे एवढं पुरे वाटतं, म्हणून आपल्या पत्राची वाट बघतो.

आपला,
एवारिस्तो


हलापा, ११ एप्रिल

भाऊजी, आशीर्वाद, पण घाईत.

वेळापत्रक करताना कॅलेंडर बघितलंत का? १७ तारखेला गुड फ्रायडे आहे! त्या दिवशी क्रिसोफोरो काय, त्याचं कुत्रंही पाण्यात पाय घालणार नाही. जो उतरतो त्याचा मासा होतो. आम्पारो आठ वर्षांची असताना पैज लावून याच दिवशी नदीत उतरली होती. आईने तिला संध्याकाळपर्यंत उन्हात बसवलं आणि दर तासाला कानांमागे खवले आले का ते बघितलं. ती बया आईला घाबरवायला मुद्दाम तोंड उघडमीट करत होती!

एक दिवस मागेपुढे करा. जीव लावणारी माणसं थोडी उरली आहेत, त्यांतले तुम्ही, म्हणून सांगते.

तुमची,
ओब्दुलिया


क्वेर्नावाका, १८ एप्रिल, शनिवार संध्याकाळ

आदरणीय ताईंना नमस्कार, वि. वि.

आपलं पत्र गुरुवारी पोचलं, तोवर तुरटी टाकून झाली होती. क्रिसोफोरोकडे गेलो. तो म्हणाला, की साहेब, जास्त पैसे दिलेत तरी नाही, माझी बायको मला तव्यावर टाकेल. शनिवारी त्याला सहा घरी पाहुण्यांसाठी हौद साफ करायचे होते. आणि वारा सुटला की गाळ पुन्हा वर येतो.

काल सकाळी बाहेर आलो तर तळ दिसत होता. राखाडी गाळ पसरलेला, वर पाणी काचेसारखं. आत कोणी नव्हतं. मला ते ठाऊकच होतं, तरी मी बराच वेळ उभा राहिलो.

मग पंप लावला आणि जुनी विजार घालून नळी घेऊन उतरलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आम्पारो दर रविवारी बोलवायची, मी दर रविवारी पाणी गार आहे म्हणायचो. पाय भराभर टाकला की गाळ ढगासारखा उठायचा, म्हणून मिरवणुकीत चालावं तसा चाललो. गल्लीत सगळं सामसूम होतं. खोल बाजूला पाणी हनुवटीला लागलं. कोपऱ्यात हात पोचवायला वाकलो तेव्हा एक कान पाण्यात गेला.

ताई, पाण्याखाली पंप किती स्पष्ट ऐकू येतो! वर तो भिंतीमागे जेमतेम कुरकुरतो. खाली अगदी कानाशी कोणी श्वास घ्यावा तसा येतो. ती पोहायची तेव्हा मी भिंतीमागे पंपापाशीच असायचो, गाळणी धूत, व्हॉल्व्ह फिरवत. वर आली की ती म्हणायची, की आज सारखा माझ्याबरोबर होतास. मला तो टोमणा वाटायचा.

तीन तास लागले. हातभर पाणी गाळाबरोबर गेलं, ते नळाने भरलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

आज निएवेस आली. पाण्याकडे बघितलं, दोरीवरच्या विजारीकडे बघितलं आणि कोण उतरलं होतं ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, की एवढं स्वच्छ झालं तरी पंप कशाला चालू ठेवलात, बाबा? मी तिला कान पाण्यात घालायला सांगितलं. ती काठावर पालथी पडली आणि केसांसकट डोकं आत घातलं. मी भिंतीमागे जाऊन पंपापाशी उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. गवंड्याला ती स्वतःच नको म्हणून कळवणार आहे.

आपण अंतर देत नाही, यापुढेही देऊ नये.

आपला,
एवारिस्तो