बाहेर ठेवणे, पाणी लागेल तसे

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली कंबर धरते, त्यामुळे साष्टांग कागदावरच घालता येतो. आठांपैकी जेवढी अंगं टेकली असतील तेवढी गोड मानून घ्यावीत.) तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा आणि गच्चीवरची तुमची झाडांची शाळा सुखरूप असेल अशी आशा आहे. इकडे मी, बाबा आणि चष्म्याचं दुकान, तिघेही वयाच्या मानाने बरे आहोत. तुमची बहीणही ठीक आहे. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलेला नाही. हे पत्र मी दुकानात बसून लिहितो आहे हेही तिला माहीत नाही, आणि माहीत होऊ नये अशी काळजी तुम्हीही घ्यावी.

तिच्या रागाबद्दल शाई घालवणार नव्हतो, पण तुमची बाजू मी तुमच्या तोंडून कधी ऐकलीच नाही, आणि तिची इतक्या वेळा ऐकली आहे की मला झोपेतही म्हणून दाखवता येईल. तुम्ही दोन वर्षांपूर्वी चार दिवस राहायला आलात. ती वॉर्डात ड्यूटीवर, मी दुकानात, बाबा वामकुक्षीत. आणि तुम्हाला वेळ जाईना म्हणून तुम्ही तिचं स्वयंपाकघर लावलंत. हेतू शुद्ध होता, हे मी तिला आजवर तीनदा सांगून पाहिलं आणि तिन्ही वेळा उपाशी झोपलो. डबे उंचीप्रमाणे, बुटके पुढे आणि उंच मागे, असे शाळेच्या फोटोसारखे उभे केलेत. दिसायला सुरेख. फक्त साखरेच्या जागी धुण्याचा सोडा आला आणि चहाची पावडर कुठे गेली ते अजून कुणालाच कळलेलं नाही. दिवसभर रुग्णांच्या मागे धावून आलेली बाई, तिला घोटभर चहा हवा होता. ती बोलायला नको ते बोलली, तुम्ही ‘लहानपणापासून तुझा पसाराच असतो’ असं म्हणून त्यात तेल ओतलंत आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. तेव्हापासून तिचं एकच वाक्य आहे. ‘दादाला माणसं वाकवता आली नाहीत, म्हणून तो झाडं वाकवतो.’ (वाक्य चांगलं आहे, हे तुम्हीही मान्य कराल.)

अशा वेळी तुमचं खोकं आलं. घरचं झालं थोडं आणि मेव्हण्याने धाडलं झाड! तुमचं अक्षर ओळखून तिने ते बुटांच्या कपाटावर ठेवलं आणि मला म्हणाली, “तुमच्या मेव्हण्याचं काहीतरी आलंय.” (भांडणापासून तुम्ही तिचे दादा राहिला नाहीत, माझे मेव्हणे झाला आहात. मिठाई आली असती तर काय झाला असतात, सांगता येत नाही.) मी उघडलं. आत ते एवढंसं ज्युनिपरचं बोन्साय, उथळ निळ्या कुंडीत, खोड कुणी ओला टॉवेल पिळावा तसं पिळलेलं, वळण राहावं म्हणून त्याला तार गुंडाळलेली आणि वर दाट हिरवा माथा. दादा, खरं सांगतो, मला ते बघताक्षणी आवडलं. आमच्या घरात इतकं ऐटबाज काहीच नाही. सोबत तुमची चिठ्ठी होती. ‘बाहेर ठेवणे. पाणी लागेल तसे.’ बस्स. ना नाव, ना गाव, ना बहिणीला आशीर्वाद.

आता या दोन वाक्यांचा विचार करा. आमच्या घरात आतली खोली आणि बाहेरची खोली अशा दोन खोल्या. पाहुणा आला की आपण त्याला म्हणतो, ‘बाहेर बसा’, तेव्हा तो काही रस्त्यावर जाऊन बसत नाही. त्याच न्यायाने मी झाड बाहेर ठेवलं, म्हणजे बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, पंख्याखाली. तुमची आज्ञा मी अक्षरशः पाळली, एवढं ध्यानात असू द्या. आणि ‘पाणी लागेल तसे’! लागेल हे कुणाला कळणार? गिऱ्हाइकाला मी नंबराचा चष्मा देताना ‘काच लागेल तशी’ असं म्हटलं तर तो मला मारील.

झाडाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते शेजारीणबाईंचं. त्या वाटी परत करायला आल्या आणि म्हणाल्या, “छान आहे हो. प्लास्टिकचं ना? धूळ फार बसते मात्र.” मी त्यांना ते जिवंत आहे असं सांगितलं, तर त्या जरा ओशाळल्या आणि झाडाला नमस्कार करावा तशी मान हलवून गेल्या. मग बाबा. बाबांनी उभी हयात शाळेत मुलांना कवायत शिकवण्यात घालवली, त्यामुळे सजीव वस्तू दिसली की ते आधी तिचं वय आणि मग उंची विचारतात.

“वय काय याचं?”

“खोडावरून बारा वर्षं तरी असेल.”

“बारा वर्षांत एवढंच?” बाबांनी झाडाला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. “जंत असणार पोटात.”

मी त्यांना बोन्सायची कला समजावून सांगितली. मुद्दाम लहान ठेवतात, त्यातच सौंदर्य, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी मुलाला रोज रिकामा डबा देणाऱ्या पालकांकडे पाहत. मी विषय तिथेच संपला असं समजलो. माझी चूक. बाबांचा विषय संपत नाही, तो फक्त दुसऱ्या खोलीत जातो.

तुमची बहीण मात्र झाडाकडे ढुंकूनही बघेना. केर काढताना त्याच्या भोवतीने काढायची, टीव्ही बघताना मान अशी तिरपी ठेवायची की झाड नजरेत येऊ नये. एकदा फक्त म्हणाली, “बघू किती टिकतं. पाठवणाऱ्यासारखं असेल तर एका शब्दाने जाईल.” त्या दिवशी मला कळलं, की हे झाड वाळलं तर नुसतं झाड वाळणार नाही. तुम्ही हात पुढे केलात आणि तोही आमच्या घरी सुकून गेला, असा त्याचा अर्थ होईल, आणि तो अर्थ पुढची वीस वर्षं मला ऐकावा लागेल.

म्हणून मी जिवाचं रान केलं. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी पेलाभर पाणी. तरी महिन्याभरात झाडाचा रंग उतरला. हिरवा होता, पण कसा, तर धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा. शेंडे तपकिरी पडले. रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला ज्युनिपर मेल्यावरही बरेच दिवस हिरवंच दिसतं, त्यामुळे मेलं कधी ते कळतच नाही. (असे संसार मी पाहिले आहेत, पण झाडाबद्दल हे पहिल्यांदाच ऐकलं.) त्यानेच सांगितलं की फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदी झटका; कागदावर ठिपके पडून चालू लागले, तर ती कीड. मी दुकानातलं भिंग आणलं, कागद धरला, फांदी झटकली. ठिपके! आणि चालत होते! मी साबणाचं पाणी करून झाडाला आंघोळ घातली, पुन्हा कागद धरला, पुन्हा ठिपके. पुन्हा आंघोळ. तिसऱ्या खेपेला ते ठिपके कागदावरून उठून भिंतीवर गेले, भिंतीवरून छतावर, आणि मी जिथे बघेन तिथे जाऊ लागले. तुमची बहीण दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, “कीड झाडावर नाही, तुमच्या डोळ्यांत आहे. वयोमानाने होतं. उद्या डॉक्टरला दाखवा.” तीस वर्षं लोकांचे डोळे तपासण्यात गेली, दादा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मग मी पाणी बंद केलं. म्हटलं, लागेल तेव्हा ते मागेल. तर काय, माती वाळेचना! आज ओली, उद्या ओली, परवा ओली. बोट घालावं तर चिखल. मी छत तपासलं, भिंत तपासली, एक दिवस तर झाड स्वतःच घामेजतं आहे अशीही शंका घेतली. शेवटी पंधरवड्यापूर्वी उलगडा झाला. मी दुकानाच्या किल्ल्या विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो. दार लोटलेलंच होतं. बाहेरच्या खोलीत तुमची बहीण, ड्यूटीचा पांढरा कोट घालून, पायात बूट चढवून, झाडासमोर वाकून उभी. हातात बिनसुईची मोठी सिरिंज, आणि त्यातून ती मुळाशी थेंब थेंब पाणी सोडत होती, सलाइन लावावं तसं. आणि बोलत होती.

“झाड पाठवतोय म्हणे. तोंड नव्हतं का तुला? एक फोन करायला काय होत होतं? दोन वर्षं! दोन वर्षं म्हणजे काय थोडे दिवस झाले? पी. पी गपचूप. एवढंसं तोंड करून बसलाय.”

यातलं किती झाडाला होतं आणि किती तुम्हाला, ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं तिलाही सांगता आलं नसतं. मी पाऊल न वाजवता मागे सरणार, इतक्यात आतून बाबा आले. हातात त्यांचा कवायतीच्या बक्षिसाचा पितळी पेला, त्यात दूध-पाणी. सुनेला कोपराने बाजूला करत म्हणाले, “सरक गं, माझी वेळ झाली.”

“तुमची वेळ? म्हणजे तुम्ही रोज घालता?”

“मग! तुम्ही दोघं उपाशी मारताय पोराला.”

तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. मी तिथे उभा, आणि सांगायला लाज वाटते, पण किल्ल्या घ्यायच्या आधी मी सवयीने कोनाड्यातली पाण्याची फवारणीची बाटली उचलली होती. (पाणी बंद केलं होतं हे खरं. फवारा मी पाण्यात धरत नव्हतो.) असे आम्ही तिघं, तीन भांडी घेऊन, त्या वीतभर झाडाभोवती उभे. घरातल्या प्रत्येकाला ते जगायला हवं होतं, आणि प्रत्येकाने त्याला बुडवण्यात आपला वाटा उचलला होता.

मी हसलो. ती हसली नाही. तिचं वॉर्डातलं तोंड झालं, जे झालं की मोठमोठे डॉक्टर बाजूला होतात. तिने कुंडी उचलली, तिरकी करून न्हाणीघरात धरली, आणि त्यातून इतकं पाणी निघालं की बाबा म्हणाले, “अरेरे, जलोदर.” कुजका वास आला. मग तिने खोडाची साल नखाने किंचित खरवडली. आम्ही दोघं तिच्या खांद्यावरून डोकावत. आतून हिरवा ओला रंग दिसला. खालच्या डावीकडच्या फांदीवर खरवडलं, तिथे तपकिरी. “ही गेली,” ती म्हणाली आणि कात्रीने छाटून टाकली. “बाकी आहे.” ज्या आवाजात ती नातेवाइकांना सांगत असेल, अगदी त्या आवाजात. मग मला म्हणाली, “चिठ्ठीत काय लिहिलं होतं?” मी चिठ्ठी दाखवली. तिने ती वाचली, बराच वेळ हातात धरली, मग मला विचारलं, “बाहेर म्हणजे बाहेर हो. उन्हात. इतकंही कळत नाही?” आणि झाड गॅलरीत गेलं, जिथे ते पहिल्या दिवशी जायला हवं होतं.

तेव्हापासून कडक शिस्त आहे. मातीत काडी खुपसायची, ओली निघाली तर हात लावायचा नाही. बाबांचा पेला कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी ती गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. आत आवाज येतो, शब्द येत नाहीत. पण दादा, आवाजाची पट्टी रोज थोडी खाली येते आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. झाडाबद्दल मात्र खात्री नाही. हिरवं आहे. पण हिरवं तर ते मेल्यावरही असतं.

बाकी क्षेमकुशल. वहिनींना माझा नमस्कार सांगावा.

आपला,
आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तुमच्या गच्चीवर असंच, याच उंचीचं, याच बाजूला झुकलेलं दुसरं ज्युनिपर असेल तर दुकानाच्या पत्त्यावर गुपचूप पाठवून ठेवावं. खालची डावीकडची फांदी आधीच कापलेली असावी. वेळ आलीच तर एका दुपारी अदलाबदल करून टाकीन. कुणाला कळणार नाही.

ता. क. दादा, मी लिहितेय. ‘हे उघडू नकोस, हिशेबाचं आहे’ असं म्हणून ह्यांनी पाकीट न चिकटवता जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा ते मी वाचावं म्हणूनच ठेवलं असणार. यातलं निम्मं खोटं आहे. मी झाडाशी बोलत नाही. सिरिंज एकदाच वापरली. दुसरं झाड पाठवू नकोस, मला लगेच कळेल. हे जिवंत आहे. वरच्या शेंड्याला फिकट हिरवे कोंब आलेत. ह्यांना दिसले नाहीत कारण ह्यांनी अजून डॉक्टरला डोळे दाखवले नाहीत. पण तू खोडाला गुंडाळलेली तार आता सालीत रुतायला लागली आहे. मला ती काढता येत नाही, आणि हे काढायला गेले तर खोड मोडतील. तू ये आणि काढ. येण्याआधी फोन कर. दुपारी, माझी ड्यूटी संपल्यावर. त्याआधी केलास तर मी उचलणार नाही, आणि मग त्यावरून पुन्हा रुसून बसू नकोस.