ब्रँडलवूडने एक तरी सामना जिंकावा

१९ सप्टेंबर १९०६, बुधवार
आजपासून मी ब्रँडलवूड कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच. चेंडू कवटाळून शेवटच्या रेषेपलीकडे पळायचं आणि समोरच्यांनी मिठी मारून पाडायचं, अशा या खेळात गेल्या साली पोरांची हाडं मोडली आणि जुना कोच गाव सोडून गेला. मग मीच पुढे झालो. चाळीस वर्षं खोगीर-लगाम शिवतोय. ज्याला घोडे कळतात त्याला पोरं कळणार नाहीत? प्रेसिडेंटसाहेब म्हणाले, मिस्टर क्रल, या मोसमात एक सामना जिंका, नाहीतर फुटबॉल कायमचा बंद. एक! मला हसूच आलं. चारही जिंकू.

२९ सप्टेंबर
०–३४. वारा विरुद्ध होता. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तर मेल्या वाऱ्यानेही बदलली.

१३ ऑक्टोबर
यंदाचा नवा नियम : चेंडू हाताने पुढे फेकता येतो. आठवडाभर लेम हॅस्केटकडून तेच करून घेतलं. हात म्हणजे तोफ! आज नऊदा फेकला, नऊदा कुणाचं बोट न लागता जमिनीवर. तसं झालं की चेंडू समोरच्यांचा, म्हणे. लेम म्हणाला, थॅडकाका, नियमांच्या पुस्तकात आहे की हे! असेल. माझ्या प्रतीत ती दोन पानं चिकटली आहेत. ०–२८. सहा गुणांची सुधारणा.

३१ ऑक्टोबर, सकाळ
सुचलं! अकराही जणांच्या जर्सीवर, पोटाशी, चामड्याचा एकेक चेंडू शिवायचा. तोच रंग, तीच शिवण. खरा चेंडू कुणाकडे, शत्रूला कळायचंच नाही. हेस्टर म्हणाली, अहो, पण आपल्या पोरांना तरी कळेल का? बायकांना डावपेच समजत नाहीत.

३ नोव्हेंबर
काय शिवणकाम झालंय! समोरचे वेडे व्हायचे बाकी राहिले. दिसेल त्याला मिठ्या मारत सुटले, एकाने तर बँडमधला ढोलवाला पाडला. मध्यंतराला ०–०! नंतर आमचा डर्क व्हँडरमोलन, अडीचशे पौंडांचा गडी, पोटाशी चेंडू कवटाळून साठ यार्ड धावला. मागे आमची दहाही पोरं ओरडत, त्यांच्या मागे मी, हॅट हवेत. रेषेपलीकडे डर्क पडला. उठून बघतो तर शिवलेलाच चेंडू. खरा मैदानाच्या मधोमध एकटा पडलेला. तो त्यांच्या एका जाड्याने उचलला आणि चालत, हो, चालत, आमच्या टोकाला नेऊन ठेवला. ०–६. घरी हेस्टरने उसवायची कात्री माझ्यापुढे ठेवली.
चौतीस, अठ्ठावीस, सहा. या हिशेबाने पुढचा सामना आपलाच.

२९ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग. दुपारी अडीच
जिंकलो!! सामना दोनचा. आमची पोरं हजर, समोरचे आलेच नाहीत! न येणारा संघ हरतो, हे पान माझ्या प्रतीत सुटं आहे. एक–शून्य. पोरांना म्हटलं, पळा, सणाची टर्की निवेल. डर्क म्हणाला, थॅडकाका, पंचांना विचारायचं का? म्हटलं, पंच तरी कुठे आलाय? बँड वाजवत जेवायला गेलो.

त्याच दिवशी, पाच वाजता
पंच त्यांच्याच गाडीत होता. पुलाजवळ गाडी अडकली होती. स्टेशनमास्तरने तार घेऊन माणूस धाडला होता, पण बँडपुढे त्याचं कोण ऐकणार? साडेतीनला त्यांची अकरा पोरं रिकाम्या मैदानावर रांगेत उभी राहिली. पंचाने घड्याळ पाहिलं, शिटी मारली. न येणारा संघ हरतो. आम्ही तेव्हा दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होतो. प्रेसिडेंटसाहेब स्वतः भोजनगृहात येऊन सांगून गेले. लेमने काटा खाली ठेवला. डर्क, एवढा मोठा गडी, पाठ फिरवून बसला.

८ डिसेंबर
फुटबॉल बंद. मैदान मेंढ्यांच्या चराईला दिलं. दुपारी कुंपणापाशी उभं राहून मोजल्या. सोळा आहेत. म्हणजे अकरा, आणि पाच राखीव.