बाबाचा तोंड मिटलेला फोटो

२ मार्च

नवं झंगट! संगणकाच्या बाईंनी (सगळी शाळा त्यांना एजेके म्हणते, म्हणजे ताईच) काल आमच्या वर्गाला फोटोचं काम दिलंय. घरातला एक फोटो घ्यायचा. त्यातलं काहीतरी पुसायचं, नाहीतर नसलेलं काहीतरी घालायचं. बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. आणि खाली एका ओळीत कबूल करायचं – मी इथे काय खोटं केलंय. नोरूझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला शाळेत प्रदर्शन, सगळं गाव बघायला येणार.

माझी मैत्रीण बेगाइम म्हणाली, "मी आजोबांच्या गाढवाच्या जागी मर्सिडीज घालते." घाल बाई. आजोबा त्या मर्सिडीजलाही चाबूक मारतील!

बाबाचा फोन आला नाही. रविवार चुकवत नाही तो कधी.

३ मार्च

नाही आला.

५ मार्च

आज पंपावर पाणी भरायला गेले तर दोघी बायका बोलत होत्या – "इसाबेकच्या भावाचं ऐकलंस ना?" मी दिसले आणि गप्प! एकीने तर माझी बादली स्वतः भरून दिली. इतकी माया कशाला?

इसाबेक काकाचा भाऊ म्हणजे माझा बाबा. मी काय दूधखुळी नाही. बेगाइमच्या बापाचंही असंच झालं होतं. बाबासारखाच रशियात बांधकामावर गेला, आधी फोन लहान झाले, मग बंद झाले, मग कळलं की तिकडे बाई आहे आणि बाईला पोरही आहे. तेव्हा तिची बादलीसुद्धा लोक अशीच भरून द्यायचे.

आईला काही बोलले नाही. तिचा फोन परवा काका घेऊन गेलाय, बिघडलाय म्हणून. चांगला चालत होता! माझ्या फोनवरून लावते तर बाबाचा बंद.

आजी मात्र निवांत. म्हणाली, "अगं, चांगली बातमी एकटी धावत येते. वाईट बातमी म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन येते. फाटकाशी म्हातारे दिसले का तुला? नाही ना? मग जेव."

खरंच आहे तिचं. आमच्याकडे कुणी गेलं की एकट्या माणसाने सांगायचंच नाही. चार वडीलधारे जमतात, सकाळी येतात, आडवळणाने सांगतात. पण बाई ठेवली हे सांगायला म्हातारे येत नाहीत. ते पंपावरच कळतं.

६ मार्च

पुसला त्याला!

दोन उन्हाळ्यांपूर्वीचा फोटो घेतला. वरच्या कुरणावरचा. आजी, आई, मी आणि मधोमध बाबा, हातात किमिझचा, घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा, सोन्याचा दात दिसेस्तोवर हसतोय. त्याच्या जागी मागचा डोंगर ओढून आणला, गवत जोडलं, माझ्या खांद्यावरचा त्याचा हात बोट-बोट करून काढला. हात काढताना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

खाली लिहिलं – "इथे काहीच खोटं नाही."

वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वा वा केलं.

७ मार्च

एजेकेंनी फोटो मोठा करून बघितला. म्हणाल्या, "हात सफाईदार आहे तुझा. पण चोल्पोन, माणूस काढलास आणि सावली ठेवलीस."

खरंच! आजीच्या पायाशी गवतावर पडलेली लांब सावली, वाडग्यासकट. कुणाचीच नसलेली. मला दिसलीच नव्हती.

"उद्या पुसते," म्हटलं. त्या म्हणाल्या, "घाई नको करू." आणि उगाच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एजेके तर कुणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाहीत!

८ मार्च

बायकांचा दिवस. दरवर्षी बाबा भल्या सकाळी फोन करतो, आधी आजीला, मग आईला, मग मला. यंदा फोन वाजला तो बेगाइमचा.

संध्याकाळी काका आला. ट्यूलिपची फुलं आणि केक घेऊन. केक कापला, पण स्वतः घास घेतला नाही. मी मुद्दामच त्याला फोटो दाखवला. बघू दे म्हटलं आपल्या भावाची जागा!

काकाने बघितला आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. इतक्या हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं – "परत घाल त्याला. आत्ताच्या आत्ता घाल."

"तोच तर गेला सोडून!" मी म्हटलं.

मला वाटलं मारतो आता. मारलं नाही. उठून अंगणात गेला आणि सरपण फोडत बसला. सरपण होतं की पुरेसं.

१० मार्च

काका शाळेच्या फाटकाशी उभा. म्हणाला, बाबाचा एक मोठा फोटो करून दे. नुसता चेहरा. डोक्यावर टोपी नको, मागे डोंगर नको, काळापांढरा कर. आणि तोंड मिटलेलं हवं.

"कशाला?"

"कागदपत्रांसाठी."

"कागदपत्रांना रंगीत लागतो, काका. आणि एवढा मोठा कशाला? पासपोर्ट आहे की सतरंजी?"

हसला नाही. म्हणाला, "तू कर गं माझी बाय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदपत्रं! म्हणजे बाईबिई काही नाही. परवाना संपला असणार, पोलिसांनी धरलं असणार, फोन काढून घेतला असणार. तसं गावातल्या कितीजणांचं झालंय! धरतात आणि परत धाडतात.

"काका, बाबा घरी येतोय का?"

काका रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येतोय."

येतोय! पुढे काही विचारायला मी थांबलेच नाही. चिखलातून धावत सुटले. दारातूनच ओरडले – "सुयुंचू! आजी, सुयुंचू!"

चांगली बातमी आणणाऱ्याने असं ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने आधी बक्षीस द्यायचं. आजीने विचारलंही नाही कसली बातमी. कानातले चांदीचे डूल काढले, तिच्या आईचे, आणि माझ्या तळहातावर ठेवले. "आता बोल."

"बाबा येतोय! काकाने सांगितलं!"

आई पिठाच्या हातांनीच खाली बसली. आजीने मला इतकं आवळलं की डूल हातात रुतले.

११ मार्च

फोटोचं काम अवघड निघालं. बाबाचा तोंड मिटलेला एकही फोटो नाही! एकही! लग्नात हसतोय, बर्फात हसतोय, मेंढी खांद्यावर घेऊनही हसतोय. हसरं तोंड मिटवायचं कसं? ओठ ओढले तर गाल सुजल्यासारखे दिसतात.

मग सुचलं. सगळे म्हणतात, चोल्पोनचं तोंड म्हणजे बापाचं तोंड. आरशासमोर बसून माझा फोटो काढला, ओठ मिटून. ते ओठ कापले, थोडे रुंद केले, कडेला दोन सुरकुत्या दिल्या, त्याच्या चेहऱ्यावर बसवले. बसले! शिवणही दिसत नाही.

पण बाबा असा गंभीर असला की ओळखीचा वाटत नाही. परवान्यावर तरी काय हसायचं म्हणा.

१२ मार्च

कुरणावरच्या फोटोत बाबाला परत घातला. सावली होतीच, नुसता माणूस जागेवर ठेवायचा होता. खालची ओळ खोडली. नवीन – "एकदा पुसला होता. चूक झाली."

एजेकेंनी वाचलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. 

१४ मार्च

घराचं लग्नघर झालंय! आईने केसांना मेंदी लावली. खिडक्या धुतल्या. थंडीने बोटं लाल झाली तरी गाणं चालू. आजीने बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायला घेतले, परात भरली तरी थांबेना. "त्याला गरमच आवडतात." मी म्हटलं, तो येईतो गार होतील. म्हणाली, "मग परत तळीन. माझं तेल, माझा मुलगा."

काका फोटो न्यायला आला. पाठीमागे एक मेंढा, तो अंगणात बांधला. नोरूझसाठी म्हणे. एवढा मोठा?

आत आला आणि त्याला आजीचे रिकामे कान दिसले. मग माझ्या कानातले डूल. "हे कुणी दिले?"

"सुयुंचू!" आजी म्हणाली. "तूच तर निरोप धाडलास ना पोरीजवळ. तुझ्या तोंडात साखर पडो!" आणि एक गरम बोर्सोक त्याच्या तोंडात कोंबला.

काकाला तो गिळता येईना. तसाच बाहेर गेला. मी मागे गेले तर मेंढ्याजवळ उकिडवा बसलेला. "काका, काय झालं?" म्हणाला, "मी एकट्याने बोलायचं नाही, चोल्पोन. मी एकट्याने नाही बोलू शकत."

फोटो घेतला, बघितला, ओठांवरून अंगठा फिरवला. उद्या विमानतळावर जाणार म्हणतो, राजधानीला. मी म्हटलं, मलाही न्या! नाही म्हणाला.

काय ते? काय एकट्याने बोलायचं नाही?

आजीच्या खोलीत गेले होते आत्ता. झोपली नव्हती. म्हटलं, आजी… ती म्हणाली, "उशी उन्हात टाकायची राहिली त्याची."

मी परत आले.

१५ मार्च

दिवसभर फाटकाकडे बघत होते. कुणी नाही. देवा, कुणी येऊ नये.

१७ मार्च

सकाळी फाटक वाजलं. सात-आठ म्हातारे, डोक्यावर पांढरे कल्पाक, हात पुढे बांधलेले. मागे काका. त्याच्या मागे गाडी, गाडीत लांब पेटी.

बांधकामावर बाबाची शिडी तुटली होती. दोन तारखेलाच.

बाबाचा फोटो फुलांजवळ ठेवलाय. गंभीर. येणारे बघतात आणि रडतात. ओठ माझे आहेत, कुणाला कळलेलं नाही.

मी डूल काढून आजीच्या हातात ठेवले. तिने ते परत माझ्या कानात घातले. भोक सापडत नव्हतं.

म्हणाली, "राहू दे. तू कुठे खोटं बोललीस? आला ना गं तो."