दारात सासरे

३ मार्च
आलो एकदाचे! चहूकडे वाळवंट आणि मध्ये मातीचा हा उभा कडा. वरच्या अंगाला वेड्या राघूंची बिळंच बिळं, खालच्या अंगाला पक्ष्यांचा अभ्यास करणारं आमचं ठाणं. आमच्या खोल्याही कड्यातच कोरलेल्या: एक दार, खिडकी नाही, पण आत माठासारखा गारवा. सासरे इथले प्रमुख. त्यांनीच माझ्या नवऱ्याला कामावर बोलावून घेतलं. सासूबाई नव्या आहेत, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि पोटुशा. पाया पडताना मला हसूच फुटलं. असो, आमची पहिलीच वेगळी खोली! दाराला मी पिवळा पडदा लावलाय.

९ मार्च
माझं काम दुर्बिणीतून बिळं बघायचं. राघूंचा संसार आपल्यासारखाच, भाऊबंदकीसकट. परक्याला कुणी आपल्या बिळाजवळ फिरकू देत नाही. घरच्या म्हाताऱ्यापुढे मात्र काही चालत नाही. एक जुना नर रोज लेकाच्या बिळाच्या तोंडाशी जाऊन बसतो, सुनेला आत शिरू देत नाही. लेकानं तिच्यासाठी माशी आणली की मध्येच स्वतः चोच पसरतो. सासरे म्हणाले, म्हाताऱ्याला नवी पिल्लं होणार, ती पोसायला लेक हवा. लेकाचं घरटं मोडलं की तो आपसूक घरी येतो. सांगताना त्यांनी मान एकदम वाकडी केली. मला ते आवडलं नाही.

१७ मार्च
सुनेनं हाय खाल्ली, उडून गेली. लेक आता बापाच्या बिळात माश्या नेतोय. बावळट कुठली! मी असते तर जागची हलले नसते.
आमचा हाही हल्ली सासूबाईंकडेच पडीक. तिचे पाय सुजलेत, तिला पाणी हवंय. काल माझ्यासाठी आणलेली संत्री थेट तिच्या पुढ्यात. जळते मी, हो, जळते! बोलले तर म्हणतो, "बाबांना मदत लागते गं. आपलं काय, होईल सावकाश."

२२ मार्च
सासरे दुपारभर आमच्या उंबऱ्यावर बसतात. आज यानं माझं ताट वाढून आणलं, तर त्यांनी वाकून तोंड उघडलं, आणि यानं घास भरवला. बापाला. माझ्या ताटातला.
उद्याच्या गाडीनं निघू म्हटलं. ऐकतोय कुठे! डोळे तिच्या दाराकडे.

२६ मार्च
ती बाळंत होतेय. तो आवाज माणसाचा नाही —
जुळं म्हणाले. मग तिसरं. मग —

२७ मार्च
चार. चार! हा भरवतोय त्यांना. मी बघितलं. तोंडानं —
माझी बॅग सासऱ्यांनी बाहेर भिरकावली. म्हणजे चालती हो. नाही जाणार. माझा आहे तो.

२८ मार्च
पडदा ओरबाडून काढलाय. दारात सासरे. मी आत.
हा आला! पाऊल ओळखते मी त्याचं. हाक मारली, ओ दिली त्यानं. आता बापाला उठवेल, हाताला धरून —

बसला. बापाशेजारी. पाठ माझ्याकडे.

दोघांच्या मध्ये बोटभर उजेड आहे, त्यात लिहितेय. पुन्हा हाक मारली. तो सरकतोय — बापाकडे —