गाळलेला ‘बहुधा’

मंगळवार संध्याकाळ, हॅलिफॅक्स

घरी जाताना फेरीबोटीत लिहितेय. एका औषधाच्या रिव्ह्यूसाठी वाचायचा संशोधन-पेपर्सचा ढीग एआयने तासाभरात उपसला. मला पंधरवडा लागला असता. आकडे बरोबर, भाषा सफाईदार. फक्त मूळ पेपरात जिथे ‘बहुधा लागू पडतं’ होतं, तिथे त्याने नुसतं ‘लागू पडतं’ लिहिलेलं. दुपारभर तेवढा ‘बहुधा’ परत घालत बसले. एवढासा शब्द, त्याला का जड व्हावा?

बोटीत चढताना व्हिटबीहून आईचा फोन आला. बाबांना आजपासून तेच औषध सुरू झालंय.

“लागू पडेल ना गं?”

“बहुधा.”

“बहुधा काय? नीट सांग की.”

“पडेल, आई.”

तिला हायसं वाटलं. शब्द या वेळी मी गाळला.