रोडगे कोणी शिकवले

अमरावती, २ जानेवारी २०२५

ती. गोदाआत्यास,
पौर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी रडते आणि तू हसतेस. माझा पीएच.डी.चा विषय रागिणी मॅडमनी तिसऱ्यांदा परत केला. ‘वऱ्हाडातील ग्रामीण स्त्रीजीवन : एक सर्वांगीण अभ्यास’. त्या म्हणाल्या, की यात तीन जन्म जातील, आणि मुळात तुला शोधायचं काय आहे? अठ्ठावीस तारखेला समिती बसते. त्या दिवशी विषय मंजूर झाला नाही तर नोंदणी रद्द. बाबांनी सांगूनच ठेवलं आहे, की मग वरूडला यायचं आणि संत्र्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

सोबत वीस प्रश्नावल्या आहेत. तुझ्या आळीतल्या बायांकडून भरून घेशील ना? रागावू नकोस, माया कर.

तुझी पौर्णिमा

*

अकोला, ७ जानेवारी

चि. पौर्णिमास गोदाआत्याचे अ. उ. आ.

कागद भरले. बाया वीस, उत्तर एक. स्वयंपाक कोण करतं, याला जमुना म्हणाली, की बाई, तुले दिसून नाही राहिलं का, हात पिठात आहे माह्या. आवडतो का, याला सगळ्यांनी हो म्हटलं. सासवा बाजूलाच बसल्या होत्या. पोरी, ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असतं, तो विचारणं म्हणजे नुसती हजेरी झाली.

परवा रविवारी शेजारच्या देवानंदच्या शेतात रोडग्यांची पंगत होती. ऐंशी माणसं. कणीक मळून गोळे केले पुरुषांनी, गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यांत, रोडगे भाजले पुरुषांनी, वांग्याची भाजीही त्यांचीच. आम्ही बाया निंबाखाली शेंगा फोडत बसलो. संध्याकाळी त्याच देवानंदला घरात साखरेचा डबा सापडेना. हे मी पन्नास वर्षं बघते आहे, पण नवल परवा वाटलं. वऱ्हाड राहू दे. एवढं एक शेत आवरतं का बघ.

जेवत जा. माया आहेच, तिच्यासाठी वेगळा अर्ज करू नकोस.

गोदाआत्या

*

अमरावती, १२ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मॅडमना शेत आवडलं, माझा प्रश्न नाही. मी लिहिलं होतं, ‘पुरुष घरी स्वयंपाक का करत नाहीत?’ त्या म्हणाल्या, हे तर रागावणं झालं, आणि रागावणाऱ्याला कोणी खरं सांगत नाही. दुसरं काही सुचत नाही. बाबांनी पेट्यांच्या चिठ्ठ्या छापायला टाकल्यासुद्धा.

घाबरलेली, पौर्णिमा

*

अकोला, १७ जानेवारी

चि. पौर्णिमास अ. उ. आ.

तुझ्या मॅडम शहाण्या आहेत, मी तपासून पाहिलं. देवानंदला विचारलं, की घरी काहून नाही करत? तो म्हणाला, तुमाले काही कामधंदा नाही काय, अन् चपला घालून चालता झाला. दुसऱ्या दिवशी विचारलं, की रोडगे शिकलास कोणाकडून? दोन तास बसला, तीन चहा प्याला. दहाव्या वर्षी बापानं आर राखायला बसवलं, तिथपासून सगळं सांगितलं. मग आपणहून म्हणाला, की लग्नानंतर एकदा त्यानं घरी पिठलं केलं होतं. आई त्याला काही बोलली नाही, सुनेला महिनाभर बोलली. पुन्हा तो चुलीकडे गेला नाही. हे मी विचारलंच नव्हतं.

आमच्या ह्यांचे रोडगे गावात नावाजलेले. मी त्यांना तीस वर्षं ‘काहून’ विचारलं. ते गप्प बसत आणि मला जिंकल्यासारखं वाटे. त्यांना कोणी शिकवलं, मला माहीत नाही. सात वर्षं झाली ते जाऊन. तुझी माणसं अजून आहेत, तेव्हा आटप.

गोदाआत्या

*

अमरावती, २८ जानेवारी

ती. आत्यास सा. न. आणि एक उडी!

मंजूर! अकोला तालुक्यातली पाच गावं, रोडगे करणारे पुरुष आणि तीन प्रश्न : कोणाकडून शिकलात, घरी कधी केलंत, त्यानंतर काय झालं. समितीतल्या एका सरांनी रोडगे हा काय विषय आहे म्हणून नाक मुरडलं. मी त्यांनाच पहिला प्रश्न विचारला. बैठक पाऊण तास लांबली.

बाबांना तूच सांग. मला धीर होत नाही.

तुझी, चिठ्ठ्यांतून सुटलेली, पौर्णिमा

*

अकोला, २ फेब्रुवारी

चि. पौर्णिमास अ. उ. आ.

सांगितलं. गजेंद्रनं, तुझ्या बाबानं, आधी छापलेल्या चिठ्ठ्यांचं दुःख केलं. मग विचारलं, की पोरगी पुरुषांना विचारणार तरी काय? मी म्हटलं, एवढंच, की तुले कोनं शिकवलं. फोनवर उठून दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, मायनं.

मी म्हटलं, खोटं नको बोलू. पण खरं निघालं. बाप पंगतीला गेला, की आमची माय मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून त्याला शिकवायची, आणि कोणाला सांगू नको म्हणायची. साठीला आला, आज पहिल्यांदा सांगितलं. त्याच घरात मी होते. मला तिनं रोडग्याचा गोळा कधी धरू दिला नाही.

चिडणार होते, पण ते राहून गेलं. एक सांग, पौर्णिमा, मायला कोणी शिकवलं असेल?

गोदाआत्या