फुल्ल काड्या आणि लाल ठिपका

अमरावती, शुक्रवार संध्याकाळ

आज सुनेवर ओरडले, म्हणून लिहायला बसले. माझ्या हाताखालची आशा सेविका शीला गरोदर बायांच्या नोंदी सुनेनं बनवलेल्या ॲपवर घेते. नेट गेलं की लाल ठिपका येतो, नोंद फोनमध्येच थांबते. काल चांदूर बाजारकडे ठिपका हिरवा होता, तरी नोंदी ना पोचल्या, ना फोनमध्ये राहिल्या. शीला म्हणाली, "मॅडम, त्या बायाइले आता कोणत्या तोंडानं पुन्हा विचारू?"

सून म्हणे, "आई, नेटवर्कच्या काड्या तर फुल्ल होत्या."

"काड्या दिसल्या म्हणजे नेट चालू, हे तुले कोणं सांगतलं?"

जास्त बोलले का? असेल. पण तिने जेवणाआधी दुरुस्त केलं. नोंद पोचल्याशिवाय आता हिरवा नाही. मी शीलाच्या फोनचा डेटा बंद करून घरच्या वायफायला येणारी वायरच उपटली. काड्या फुल्ल, ठिपका लाल. लाल पाहून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

शीलाला तिचा फोन परत दिला. सुनेला वायर परत दिली.